लाभलेली सीट

२६ नोव्हेंबर १९९५

वन्सं आज ठाण्याहून आल्या. सोबत मितूची गाडीतली सीट. अपघातानंतर त्यांनी गाडी विकली ती विकलीच, सीट मात्र दोन वर्षं कपाटावर होती. दिवाळीत आम्ही सेकंडहँड का होईना गाडी घेतली, ओजू सहा महिन्यांचा झाला, म्हणून आता ती त्याला.

सीटमध्ये नारळ बसवलेला. चक्क दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन, बक्कल लावून. "पाळणा रिकामा देत नाहीत, मग ही तरी कशी देऊ?" वन्सं म्हणाल्या. नारळाला कुंकू, सीटलाही कुंकू. ओजू हसला. मला ते ध्यान आवडलं नाही. घाईघाईने नारळ सोडवला.

जेवताना पुन्हा ती गोष्ट. माजिवड्याला टेम्पो आडवा आला. वन्संचं खांद्याचं हाड, भावोजींच्या कपाळाला टाके. आणि दीड वर्षाची मितू सीटमध्ये तशीच बसलेली, हातातलं बिस्किटसुद्धा न मोडता. बिस्किट दर वेळी असतं. मीसुद्धा ही गोष्ट दहा जणांना सांगितली असेल, बिस्किटासकट.

सासूबाई म्हणाल्या, "लाभलेली वस्तू आहे. जपून वापरा."

२९ नोव्हेंबर

ऑफिसात मुरबाड रस्त्याची फाइल आली. मोटार विमा क्लेमच्या टेबलाला इतकी वर्षं झाली की फोटो बघता बघता चहा पिता येतो. आज नाही प्यायला गेला. मूल आईच्या मांडीवर होतं, पुढच्या सीटवर. आई वाचली. 'मी घट्ट धरलं होतं' हे वाक्य तिच्या जबाबात पुन्हा पुन्हा येतं. तिने धरलंच असेल. गाडी थांबते तेव्हा मूल थांबत नाही, हातांचं काही चालत नाही.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या जाहीर केलं, ओजू गाडीत मांडीवर बसणार नाही. कोणाच्याच. टिटवाळ्याला जायचं असो की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे.

सा.बा.: "माझी तिन्ही मांडीवरच वाढली."
मी: "तेव्हा गाडी कुठे होती आपल्याकडे?"
रात्री पोळ्या जाड झाल्या.

अवि म्हणतो, तू ऑफिसातली भुतं घरी आणतेस. आणते तर आणते.

३ डिसेंबर

रविवार सीट बसवण्यात गेला. माहितीपुस्तक वन्संकडे कधीच हरवलेलं. बाजूला चित्रं चिकटवलेली आहेत, त्यांवरून. आपल्या गाडीत मागे पट्टेच नाहीत, फक्त पुढे. म्हणून ड्रायव्हरशेजारी. वर्षाच्या आतलं मूल मागे तोंड करून बसवायचं, असं चित्रात स्पष्ट आहे. अविने गुडघा सीटमध्ये दाबून धरला, मी पट्टा ओढला, तरी हलत होती. पुन्हा सोडली, पुन्हा. शेवटी जागची हलेना तेव्हा सोडलं.

तोवर कंपाउंडात सभा भरलेली. तळमजल्याचे जोशीकाका, "अहो, बाळाला पाठमोरं काय बसवता? रस्ता दिसू द्या त्याला." सा.बा. पदर खांद्यावर घेऊन उभ्या. "तोंड मागे आणि पाय पुढे. असं कोण जातं, सांगू का?"

सांगू नका म्हटलं.

खांद्याच्या पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढंच सैल ठेवायचं. ओजूने असा गळा काढला की जोशीकाकू गॅलरीत आल्या. मी पट्टे सैल केले नाहीत. वाईट आई असण्याची माझी तयारी आहे.

१७ डिसेंबर

टिटवाळा. सीटमध्ये ओजू शहाडच्या पुढे झोपला तो थेट देवळापर्यंत. मी मागच्या सीटवरून त्याच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत होते.

येताना मोहन्याच्या अलीकडे म्हैस. अविने करकचून ब्रेक मारला. सा.बा.ंच्या हातातला प्रसादाचा डबा उडून पुढच्या काचेवर. मी अविच्या सीटवर आपटले, ओठ फुटला. ओजू जागचा हलला नाही. डोळे उघडले, मिटले.

सा.बा.ंनी सांडलेला प्रसाद गोळा केला. मग घर आल्यावर म्हणाल्या, "लाभलीय खरी." मी जिंकले. ओठ सुजलाय, पण जिंकले.

एक गोष्ट लिहून ठेवते. ब्रेक लागला तेव्हा सीटमधून आवाज आला. कट्, असा. सुपारी फुटल्यासारखा. अवि म्हणतो डब्याचा असेल.

६ जानेवारी १९९६

सीटचं कापड धुवायला काढलं. मितूच्या काळातल्या बिस्किटांचा चुरा निघाला. कापडाखाली पाठीच्या प्लॅस्टिकवर एक पांढुरकी रेघ. पट्टा जिथून आत जातो तिथून खाली, वीतभर. नखाने खरवडली, जात नाही. नख अडकतं.

अविला दाखवली. "ओरखडा आहे गं. इतके दिवस कपाटावर पडलेली."

असेल. कापड वाळलं, पुन्हा चढवलं. रेघ झाकली गेली. बरं वाटलं.

१७ जानेवारी

ओजूचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, त्याने तो खाल्ला. चौरंगावर बसेना, लवंडतो. सा.बा.ंचीच कल्पना, सीटमध्ये बसवू. हॉलच्या मधोमध सीट, तीत तो, पट्टे लावून. वरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. इमारतीतली सगळी पोरं तुटून पडली.

बायकांनी ओजूला ओवाळलं आणि जाता जाता सीटलाही कुंकू लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. एकीने लावलं म्हणून सगळ्यांनी.

कल्याणहून प्राची आली होती, अविच्या मामेभावाची, नितीनची बायको. पारनाक्याहून एवढंसं बाळ घेऊन. दोन वेळा पोटातलं गेलं, त्यानंतरची ही मुलगी. नाव ठेवलंय तरी अजून त्या नावाने हाक मारत नाहीत, 'बाळी'च म्हणतात. मी तिला मितूची गोष्ट सांगितली. टेम्पो, हाड, टाके, बिस्किट. वर आमची मोहन्याची म्हैस. मला सांगताना मजा येत होती, खोटं कशाला लिहू. सगळ्या बायका जवळ सरकून ऐकत होत्या.

प्राची हळूच म्हणाली, "वहिनी, ओजूचं झालं की माझ्या बाळीला द्याल? मार्चमध्ये यांच्या गाडीने माहेरी जायचंय जुन्नरला. माळशेजचा घाट. मला आत्तापासून धडकी भरलीय."

म्हटलं, तुलाच देणार. सगळ्यांसमोर म्हटलं.

रात्री बक्कल लागेना. आत कुरमुरे. सुईने काढले. आता लागतं, पण पूर्वीसारखा टक्कन आवाज येत नाही.

२१ जानेवारी

रविवार, म्हणून अमेरिकेहून शैलावहिनींचा फोन. मोठ्या जाऊबाई. सीट मुळात त्यांनीच मितूसाठी आणलेली. उत्साहाने सांगितलं, ओजू त्यात कसा बसतो, म्हैस कशी आली.

वहिनींनी मधेच तोडलं.

"सुलभा, कुठली सीट? मितूची? अपघातातली?"

हो म्हटलं.

"अगं, ती फेकायला सांगितली होती मी. तेव्हाच, ताईंना. एकदा धडक खाल्ली की ती संपली. तिचं काम झालं. वरून दिसत नाही, आतून गेलेली असते. पुढच्या वेळी पट्टा धरेल, पण पट्टा ज्यात अडकवलाय तेच तुटेल."

पांढुरक्या रेघेचं विचारलं. त्या म्हणाल्या, "बसवू नकोस त्याला. आजपासून."

फोन ठेवला. सा.बा. तांदूळ निवडत बसल्या होत्या. "काय म्हणत होती शैला?" मोहन्याला आलेला आवाज डोक्यात. तो डब्याचा नव्हता.

२२ जानेवारी

घरात सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला.

अवि: "कालपर्यंत तूच सीट, सीट करत होतीस. कंपाउंडात माझं हसं केलंस."
मी: "कालपर्यंत मला माहीत नव्हतं."
अवि: "तिकडे लोक वर्षाला सोफा बदलतात. वहिनीला काय, फेका म्हणायला."

सा.बा. म्हणाल्या, "जिने पोर वाचवली ती वाईट कशी?" वाचवली म्हणूनच वाईट. हे मराठीत कसं सांगायचं? मुका मार लागला की माणूस वरून धड दिसतो, तसं म्हणून बघितलं. सा.बा. म्हणाल्या, "मुका मार बरा होतो."

प्लॅस्टिकचा होत नाही.

सीट मी स्वतः माळ्यावर टाकली. टाकून का दिली नाही? कचऱ्याच्या गाडीत कुंकू लावलेली वस्तू टाकायची म्हणजे घरात सुतक. तेवढी हिंमत नाही माझ्यात.

२८ जानेवारी

दुसरी सीट मिळत नाही. फडके रोड पालथा घातला. लंच अवरमध्ये नौपाड्यातली दुकानं. 'बेबी सीट' म्हटलं की वॉकर दाखवतात, झोपाळा दाखवतात, एकाने सायकलच्या दांड्याला लावायची टोपली दाखवली. "गाडीला कशाला लागते मॅडम, मिसेस घेते ना मांडीवर." मिसेस म्हणजे मीच.

शैलावहिनी म्हणाल्या, मे महिन्यात कोणीतरी येणार आहे, त्यांच्याबरोबर नवीन पाठवते. तोवर गाडी कमी काढायची. निघालोच तर मी मागे, ओजू मांडीवर. मीच केलेला नियम मीच मोडला. आज डॉक्टरकडे जाऊन आलो, जाताना वळणावर दोन्ही हात असे आवळले की ओजू रडला. मुरबाड रस्त्याची ती बाई आठवली. घट्ट धरलं होतं.

सीटशिवाय हे असं. सीटमध्ये बसवावं तर ते तसं. दोन्हीकडून मला भीती वाटते, आणि घरात ती मला एकटीलाच वाटते.

४ फेब्रुवारी

माळा रिकामा.

चादरी काढायला चढले तेव्हा कळलं. सा.बा.ंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "नितीन आलेला गुरुवारी, तू ऑफिसला होतीस. दिली त्याला. तूच शब्द दिलास प्राचीला, चार बायकांत. आपल्याला नको तर पडून कशाला?"

"नको का आहे ते सांगितलंत?"

"लहान पोर आहे ती. तिला कशाला असलं काही सांगायचं."

खण-नारळ घालून दिली. रिकामी दिली नाही, हे आवर्जून सांगितलं.

लगेच कल्याणला फोन लावला. प्राचीनेच उचलला. मी सगळं सांगितलं, धडक, रेघ, शैलावहिनी. ती ऐकत होती. मग अगदी हळू आवाजात, "वहिनी, तुम्हाला द्यायची नसेल तर तसं सांगा ना."

मी म्हटलं, अगं, तसं नाही.

"ओजूला दोन महिने चालली. माझ्या बाळीच्या वेळीच कशी खराब झाली?"

फोनवर बाळी कुरकुरत होती. प्राची तिला "हो गं, हो गं" करत होती. शेवटी मीच फोन ठेवला.

११ फेब्रुवारी

स्वतः गेले कल्याणला. ओजूला सा.बा.ंकडे ठेवून, बसने.

मामींनी चहा केला. मामी म्हणजे सा.बा.ंची भावजय, एरवी तोंडाचा पट्टा सुरू असतो. आज जेवढ्यास तेवढं. हॉलमध्ये पलंगाशेजारी सीट, तीत बाळी. घरातही तीतच निजवतात. प्राची म्हणाली, "तीत शांत झोपते. पाळण्यात दचकते."

कापड उचलून रेघ दाखवणार होते. रेघ नाही. तिथे पत्र्याचे खड्डे बुजवायचं राखाडी लुकण भरून, घासून, वर काळा रंग मारलेला. नितीन मोठ्या अभिमानाने, "तुम्ही फोनवर बोललात ना वहिनी, लगेच बघितलं मी. बारीक तडा होता. पक्का केला एकदम. बक्कल पण सैल वाटत होतं, स्प्रिंग ताणून बसवली. आता टेन्शन घेऊ नका."

म्हणजे माझ्या फोनचा उपयोग एवढाच झाला. होती ती खूणही गेली. आता कोणाला काय दाखवू?

सांगून बघितलं तरी. लुकण धक्का सोसत नाही नितीन, ते नुसतं भोक बुजवतं. तो हसला. "वहिनी, टेम्पोचा अख्खा पत्रा धरतं ते."

मामी कप उचलताना म्हणाल्या, "सुलभा, या घरात दोनदा पाळणा बांधला नि दोनदा सोडला. आता कुठे एक गोष्ट आमच्या बाजूनं आलीय. तू नख लावू नकोस."

प्राचीने बाळीच्या कपाळावर पदर धरला. माझी दृष्ट लागू नये म्हणून. माझी.

बसमध्ये रडले. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

१४ फेब्रुवारी

ओजूला खालचा दात. बाकी काही सुचत नाही. मार्चच्या दोन तारखेला जुन्नरला निघणार आहेत, असं सा.बा. कोणाला तरी फोनवर सांगत होत्या. माळशेजमध्ये रस्त्याचं काम चालू आहे म्हणे. ऑफिसात घाटाच्या फाइली वेगळ्या गठ्ठ्यात असतात. त्या गठ्ठ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दिवसभर तिकडेच बघत होते.

१८ फेब्रुवारी

ठाण्याला वन्संकडे गेले. भांडायलाच गेले होते. शैलावहिनींनी टाकायला सांगितली होती तर आम्हाला का दिलीत, हा प्रश्न रिक्षात घोकत.

वन्सं भाजी चिरत होत्या. प्रश्न ऐकून सुरी खाली ठेवली. "घरात ठेववेना गं. आणि टाकवेनाही. रोज कपाटाकडे बघितलं की तो टेम्पो. टाकायला काढली की वाटायचं, हिच्यामुळे मितू आहे, हिलाच कचऱ्यात घालू? मग तुमची गाडी आली. म्हटलं, घरातल्या घरात राहील."

"आणि ओजू?"

वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "शैला बोलली तेव्हा मी अर्धं ऐकलं. अर्धं ऐकायचं नव्हतं."

मग एक गोष्ट सांगितली, जी कधी कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सीट पट्ट्यासकट पुढे गेली होती. मितूचं डोकं डॅशबोर्डपासून एवढ्यावर थांबलं. वन्संनी बोटांनी दाखवलं, दोन बोटं. बिस्किट वगैरे काही नव्हतं. ते नंतर कधीतरी सांगता सांगता आलं.

माझा सगळा राग गेला आणि त्या जागी थंडगार काहीतरी आलं. वन्संना म्हटलं, हे अविला सांगा. आत्ता, फोनवर, माझ्यासमोर.

त्यांनी सांगितलं. अवि बराच वेळ "हं" करत होता.

२० फेब्रुवारी

अवि तयार झाला. सीट परत आणायची. पण कसं? नितीन ऐकणार नाही, मामी तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत.

मार्ग काढला सा.बा.ंनी. त्यांना अजून पटलेलं नाही, पण लेकीचं रडणं फोनवरून त्यांनीही ऐकलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तडा, प्लॅस्टिक, अमेरिका, यातलं काही बोलू नका. नवस सांगा. म्हणावं, मितू वाचली तेव्हा आम्ही बोललो होतो, सीट देवीला वाहू. राहून गेलं, म्हणून मितूला सारखा ताप येतोय. देवीची वस्तू कोण अडवतंय?"

मी बघतच राहिले. मी महिनाभर डोकं आपटतेय, आणि हे दोन मिनिटांत.

"खोटा नवस सांगायचा?" अवि.

"मी देवीशी बघून घेईन. तू गाडी काढ रविवारी."

मनापासून सांगते, सा.बा.ंना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. भांडी घासून टाकली.

२४ फेब्रुवारी

मला ताप. अंग मोडून आलंय. उद्याचं रद्द करू म्हणाला अवि. मी म्हटलं, काही झालं तरी उद्याच. पुढच्या शनिवारी ती घाटात असेल.

ओजूला माझा ताप लागेल म्हणून सा.बा. त्यालाही बरोबर नेणार. जाताना मागे बसा म्हटलं, मधोमध, पुढे अजिबात नाही. "हो गं बाई, मागे बसते," म्हणाल्या. चिडल्या नाहीत.

२५ फेब्रुवारी

दुपारी गेले. ओजूने खिडकीतून हात हलवला, म्हणजे सा.बा.ंनी त्याचा हलवला. मी गोळी घेऊन पडले. कित्येक दिवसांनी अशी झोप लागली.

संध्याकाळी फोनने जाग आली. सा.बा. पारनाक्याहून. आवाज दमलेला, पण समाधानी.

नवस कामाला आला. मामी आधी फुरंगटल्या, मग देवीचं नाव ऐकून हात जोडले. नितीनने स्वतः सीट खाली नेली. पण प्राचीने फार रडून घेतलं. बाळीला उराशी धरून कोपऱ्यात बसली, आता मी हिला कशी नेऊ, म्हणून. जेवेना. "म्हणून मी राहते आज इथे," सा.बा. म्हणाल्या. "मुलीला धीर द्यायला पाहिजे. उद्या येईन बसने. अवि निघाला आत्ताच."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग म्हटलं, "ओजू तुमच्याजवळ आहे ना?"

"छे गं, तुझ्याशिवाय राहतो का तो रात्रीचा? गेला बापाबरोबर."

"मांडीवर कोणी घेतलंय त्याला?"

"कोण घेणार, अवि एकटाच. सीटमध्ये बसवलाय. मी उभं राहून बघितलं, तू करतेस तस्संच सगळं. मागे तोंड, पट्टे घट्ट, बोट घालून बघितलं. नितीनने गुडघा लावून आवळून दिली."

मी काय बोलले आठवत नाही. सा.बा. म्हणाल्या, "अगं, घरापर्यंतच तर आहे. उद्या टाकायचीच आहे ना."

खाली जाऊन फोन केला पुन्हा नितीनला, गाडी अडवता येईल का म्हणून. का खाली गेले? फोन घरातच आहे. तळमजल्याच्या जोशीकाकूंकडून केला, त्या काय झालं काय झालं करत राहिल्या. नितीन म्हणाला, "आता कुठे गाठू वहिनी, पत्रीपूल ओलांडला असेल." आणि, "पक्की आहे हो ती."

कल्याण-डोंबिवली किती लांब आहे? काहीच लांब नाही. रोज माणसं येतात-जातात. अवि हळू चालवतो. रविवारी ट्रक कमी असतात. अवजड गाड्यांच्या शिळ रस्त्याने येऊ नये म्हणजे झालं. त्याला सांगितलं होतं का, शिळ रस्त्याने येऊ नको म्हणून? नाही सांगितलं. तेव्हा कशाला सांगेन.

सगळं मीच शिकवलंय त्याला. मीच.

गॅलरीत जाऊन आले. जोशीकाकांची स्कूटर. नंतर एक रिक्षा. मग बराच वेळ काही नाही.

ताप चढलाय बहुतेक, अक्षर बघवत नाही. उभं राहवत नाही आणि बसवतही नाही. ओजूचा भात टाकलाय, मऊ, वेगळा. आल्या आल्या भुकेने रडतो आणि गरम असला की ओरडतो. काढून ताटलीत पसरून ठेवते, निवायला.